मुखपृष्ठाचा धनी

१९९७ सालच्या मार्च महिन्यात एरोस्मिथ या अमेरिकन रॉक बँडचा ‘नाइन लाइव्ह्ज’ हा नवा अल्बम कोलंबिया कंपनीने बाजारात आणला, तेव्हा त्याच्या मुखपृष्ठावर कालियाच्या फण्यावर नृत्य करणारा श्रीकृष्ण होता. परंतु त्या श्रीकृष्णाच्या धडावर मांजराचे मस्तक बसवलेले होते आणि त्याची छाती स्त्रीची केलेली होती. मांजराला नऊ जन्म असतात असा इंग्रजी बोलणाऱ्या लोकांत एक जुना समज आहे. त्यावरून अल्बमला नाव मिळाले, आणि नावामागून मांजर त्या चित्रात शिरले. मूळ चित्र इस्कॉनचे संस्थापक भक्तिवेदान्त स्वामी प्रभुपाद यांच्या ग्रंथातले होते, आणि त्याचे हे मूळ बँडला ठाऊक नव्हते, असा खुलासा पुढे झाला. अमेरिकेतील हिंदू रहिवाशांनी, विशेषतः तिकडील विश्व हिंदू परिषदेच्या आश्रयाने त्याच वर्षी उभ्या राहिलेल्या ‘अमेरिकन हिंदूज अगेन्स्ट डिफेमेशन’ या संस्थेने, कोलंबियाची धनी असलेल्या सोनी कंपनीकडे आपली तक्रार नेली. कंपनीने माफी मागितली, ते मुखपृष्ठ मागे घेतले आणि त्याच्या जागी दुसरे छापले.

या प्रकरणाची हकीकत गेली पंचविसाहून अधिक वर्षे दोन तऱ्हांनी सांगितली जाते. रॉक संगीताचे अभिमानी म्हणतात की, गाणी ती गाणी, वेष्टण ते वेष्टण, आणि एका वेष्टणावरून एवढा गहजब करणे हा निव्वळ हळवेपणा होय. शिवाय हिंदुस्थानात देवांची रूपे प्रत्येक पिढीने, प्रत्येक प्रांताने आपापल्या मनाप्रमाणे बदललेली असताना ते स्वातंत्र्य परदेशी कलावंताला नाकारण्याचा अधिकार कोणाला? दुसरा पक्ष म्हणतो की, देवतेच्या देहाशी केलेला खेळ हा समाजाचा अपमान होता, समाजाने तो सहन केला नाही, बलाढ्य कंपनीला नमवले, आणि येथे न्याय पुरा झाला. मला हे दोन्ही निवाडे अमान्य आहेत. पहिला पक्ष मुखपृष्ठाला क्षुल्लक समजतो आणि दुसरा त्याला केवळ अपराधाचे स्थळ समजतो. ते चित्र कोणी तरी हाताने काढले होते, त्याला एक कर्ता होता, ही गोष्ट दोहोंच्याही हिशेबात नाही. तक्रारीत देवतेचे नाव आहे, माफीत समाजाचे नाव आहे. ज्या चित्रावर कात्री चालली त्या चित्रकाराचे नाव मात्र या हकीकतीत कोणी उच्चारीत नाही. माझा आक्षेप या मौनावर आहे.

नाशिकच्या माणसाने या वादात बोलावे, याला आधार आहे. ज्या प्रसंगाचे चित्र अमेरिकेत कापले गेले, तोच प्रसंग चलच्चित्राच्या रूपाने १९१९ साली आमच्या गावी सिद्ध झाला. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीसाठी ‘कालिया मर्दन’ काढला, आणि त्यांच्या मूकपटांपैकी जे थोडे अवशेष काळाच्या तडाख्यातून वाचले, त्यांत हा पट पुष्कळ अंशी शिल्लक आहे. त्या पटाकडे मी पुढे वळणार आहे. कारण दोन्ही पक्षांना द्यावयाचे उत्तर मला त्यातच सापडते. तत्पूर्वी वेष्टणाचा प्रश्न निकाली काढला पाहिजे.

अल्बमचे मुखपृष्ठ हे निव्वळ वेष्टण होय, असे दुसऱ्या कोणी म्हटले असते तर त्याचा विचार करता आला असता. कोलंबिया कंपनीच्या वतीने तरी ते कोणी म्हणू नये. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या ज्या काळी जाड तपकिरी कागदाच्या पिशव्यांत, मध्ये भोक पाडून, विकल्या जात, त्या काळी, १९३९ साली, याच कंपनीने अॅलेक्स स्टाइनवाइस नावाच्या तेविशीच्या आतल्या तरुणाला कलाविभागाचा मुख्य नेमले, आणि त्याने कंपनीच्या चालकांना असे पटवून दिले की, तबकड्यांच्या संचावर चित्र काढले तर आतले संगीत ऐकण्यापूर्वीच मनुष्याच्या डोळ्यांपुढे उभे राहील. खप वाढला, आणि १९४८ साली कंपनीने दीर्घवादन तबकडी आणली तेव्हा तिला साजेल असे पुठ्ठ्याचे जॅकेटही स्टाइनवाइसनेच बेतले. मुखपृष्ठ गाण्याचा खप वाढवते, श्रोत्याच्या मनात गाण्याची पहिली प्रतिमा रुजवते, हा शोध ज्या कंपनीच्या दप्तरी नोंदलेला आहे, तिच्याच एका मुखपृष्ठाविषयी वाद उत्पन्न होताच तिच्या चाहत्यांनी ते कवडीमोल ठरवावे, हे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

आणि रॉक संगीताने तर ही गोष्ट इतर कोणत्याही संगीतापेक्षा अधिक गांभीर्याने घेतली. बीटल्सच्या १९६७ सालच्या ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’ या अल्बमचे मुखपृष्ठ पीटर ब्लेक आणि जॅन हॅवर्थ या चित्रकार दांपत्याने रचले. त्यात प्रसिद्ध स्त्री-पुरुषांचा मोठा जमाव उभा करावयाचा होता, म्हणून जे हयात होते त्यांच्याकडे परवानगीची पत्रे गेली. लिओ गोर्सी या नटाने चारशे डॉलर मागितले म्हणून त्याची आकृती वगळण्यात आली. आणि जमावातली महात्मा गांधींची आकृती ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीचे अध्यक्ष सर जोसेफ लॉकवुड यांनी काढावयास लावली, कारण हिंदुस्थानातील बाजारपेठेत तिच्यावरून अनर्थ ओढवेल अशी त्यांना धास्ती वाटली. गांधीजींना वगळण्याचा तो निर्णय मला रुचत नाही. परंतु त्या निर्णयावरून एवढे निर्विवाद सिद्ध होते की, एका पुठ्ठ्यावरच्या एका आकृतीचे परिणाम कलकत्त्यापर्यंत पोहोचतील, हे लंडनमधील कारभाऱ्यांना तीस वर्षे आधी उमगले होते. मग १९९७ साली सोनीच्या कचेरीत ते कोणालाच उमगू नये, हे मानावे कसे?

मराठी वाचकाला तर हा मुद्दा पटवून देण्याची गरजच पडू नये. दीनानाथ दलालांनी १९४५ पासून ‘दीपावली’चे अंक काढले, आणि त्यांच्या मुखपृष्ठासाठी ते अंक जपून ठेवणारी घरे महाराष्ट्रात होती. रघुवीर मुळगावकरांचे राम, कृष्ण आणि लक्ष्मी दिनदर्शिकांच्या पानांवरून घरोघरच्या भिंतींवर गेले, वर्ष संपले तरी खाली उतरले नाहीत, आणि त्यांच्या कोपऱ्यातली सही लहान मुलांनाही ओळखता येत असे. आमच्या नाशिक रोडला १९२०च्या दशकापासून सरकारी छापखाने टपालाची तिकिटे आणि चलनी नोटा छापीत आले आहेत. कागदावर छापलेले चित्र हेच एखाद्या वस्तूचे सर्व मोल असू शकते, आणि त्या चित्रातली एक रेघ इकडची तिकडे करणे हा फौजदारी गुन्हा ठरतो, हे ज्या गावातील हजारो कुटुंबांच्या रोजच्या भाकरीशी निगडित आहे, त्या गावात मुद्रित चित्राला कोणी पोकळ टरफल म्हणू नये.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो. आणि येथे मला अधिक जपून बोलावयाचे आहे, कारण ज्यांच्या उपास्य मूर्तीची अशी गत झाली त्यांना झालेले दुःख खरे होते आणि त्या दुःखाचा अवमान करणे माझ्या मनात नाही. तरीही आक्षेपाचे स्वरूप तपासले पाहिजे. देवाला पशूचे मस्तक दिले, हा पहिला आक्षेप. देवाला स्त्रीचे शरीर दिले, हा दुसरा. परंतु नरसिंह आणि हयग्रीव यांना वंदन करणारा, गजाननाच्या नावाने प्रत्येक कार्याचा आरंभ करणारा समाज पशुमुखालाच विटंबना कशी ठरवील? विष्णूने मोहिनीचे रूप घेतल्याची कथा ज्याने कीर्तनात भक्तिभावाने ऐकली, अर्धनारीनटेश्वरापुढे ज्याने हात जोडले, तो देवाच्या स्त्रीरूपाने भ्रष्ट कसा होईल?

येथे मला ‘कालिया मर्दन’ आठवतो. त्या पटातला श्रीकृष्ण मुलगी होती. दादासाहेबांची चिमुकली कन्या मंदाकिनी हिने ती भूमिका केली. आणि ज्या काळात स्त्रियांनी पडद्यावर येणे हेच अधर्म्य समजले जात होते, त्या काळात आमच्या गावच्या एका चित्पावन गृहस्थाने आपल्या पोटच्या मुलीला कृष्ण केले, आणि मंडपातल्या प्रेक्षकांनी तिच्यात कृष्णच पाहिला. कालियाच्या फण्यावरची स्त्रीदेही कृष्णमूर्ती ही अमेरिकन कंपनीने प्रथम कल्पिलेली विकृती असे जे म्हणतात, त्यांनी हा पट पाहावा. त्याच्या आरंभी दादासाहेबांनी जी योजना केली आहे तिला माझ्या मते फार मोठा अर्थ आहे. कथेला हात घालण्यापूर्वी ते मंदाकिनीला मंदाकिनी म्हणूनच प्रेक्षकांपुढे उभी करतात. ती हसते, रुसते, रागावते, एका लहान मुलीच्या मुखावर क्रमाक्रमाने नाना भाव उमटतात. आणि मग आपल्या डोळ्यांदेखत त्या मुलीचा बालकृष्ण होतो. हे रूप कोणाचे, ते कोणी घेतले आणि ते कसे पालटले, याची कबुली चित्रकर्त्याने आधी दिली, आणि मगच तो पुराणाकडे वळला. तेवढ्याने भक्तीला बाध आला नाही. उलट ज्याला रूपांतर म्हणतात ते कसे करावे याचा दाखला त्याने घालून दिला.

दादासाहेबांना हे सुचले याचे कारण, ते मूळचे छपाईच्या धंद्यातले होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकून ते छायाचित्रण आणि शिळाछापाच्या व्यवसायात शिरले, लोणावळ्याजवळच्या रविवर्मा छापखान्यासाठी त्यांनी काम केले, स्वतःचा छापखाना काढला, आणि रंगीत छपाईची विद्या व यंत्रे यांसाठी ते १९०९ साली जर्मनीला जाऊन आले. देवांची चित्रे हजारोंनी छापून खेडोपाडी पोहोचवणारा तो धंदा होता. पण त्या चित्रांखाली रविवर्म्याचे नाव असे, छापखान्याचे नाव असे, आणि पंढरपूरच्या वा पंचवटीच्या दुकानातून तसबीर विकत घेणारा अशिक्षित यात्रेकरूही हा रविवर्म्याचा फोटो म्हणून ती मागून घेई. देवघरात पूजेला लागलेले चित्र निनावी असते, ते परंपरेतून आपोआप उगवते आणि म्हणून ते कोणाचेही असते, हा समज ज्या पाश्चात्य कलाविभागांत रूढ झाला, त्यांना आमच्या छापखान्यांचा इतिहास माहीत नव्हता. आम्हांला तो माहीत असूनही आम्ही त्यांना तो सांगितला नाही.

रूपांतराचा हक्क सर्वांना आहे, हे पहिल्या पक्षाचे म्हणणे मी पूर्णतः मान्य करतो, आणि त्याला साजेसे उदाहरण त्यांच्याच कुळातून देतो. रोलिंग स्टोन्स या बँडचे ते जगप्रसिद्ध ओठ आणि बाहेर काढलेली जीभ हे चिन्ह १९७० साली जॉन पॅश या लंडनमधील कलाविद्यार्थ्याने काढले; गायक मिक जॅगरने त्याला कालीमातेचे एक चित्र दाखवले होते, त्यातून ही कल्पना निघाली. पॅशने कालीच्या चित्रावर कात्री चालवली नाही. त्याने ते चित्र पाहिले, त्यातली एक गोष्ट मनात धरली, आणि कागदावर स्वतःची रेघ ओढली. त्याबद्दल त्याला आरंभी अवघे पन्नास पौंड मिळाले, हा त्याच्यावर झालेला अन्याय म्हणावा लागेल. परंतु चिन्ह कोणाचे, हा प्रश्न विचारताच उत्तर मिळते, आणि मूळ रेखाटन आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्याच्या नावाने आहे. कलकत्त्यातील कोणा कालीभक्ताने त्या जिभेवर फिर्याद केल्याचे मला ज्ञात नाही. प्रेरणा घेणे आणि दुसऱ्याची वस्तू उचलून तिचे डोके बदलणे, या दोन कृतींत हे जे अंतर आहे ते डोळ्यांना दिसते; त्यासाठी शास्त्राधाराची आवश्यकता नाही.

दुसरे उदाहरण उलट दिशेचे आहे. जिमी हेन्ड्रिक्सच्या ‘अॅक्सिस : बोल्ड अॅज लव्ह’ या १९६७ सालच्या अल्बमवर, बाजारात छापून विकल्या जाणाऱ्या विराटरूप विष्णूच्या एका तसबिरीत, देवाच्या मुखांच्या जागी हेन्ड्रिक्स आणि त्याचे दोन साथीदार यांची मुखे बसवलेली आहेत. ती रचना करवून घेणाऱ्या ट्रॅक कंपनीने त्यावर बराच खर्च केला, आणि हेन्ड्रिक्सने छापील मुखपृष्ठ पाहिले तेव्हा तो स्वतः नाराज झाला; अमेरिकेतील मूळ रहिवाशांचे रक्त त्याच्या अंगात होते, आणि ‘इंडियन’ म्हणून काही दाखवायचेच होते तर त्याच्या स्वतःच्या पूर्वजांचे का दाखवले नाही, असे त्याचे म्हणणे होते. या एका पुठ्ठ्यावर दोन माणसांचा हक्क बुडाला आहे. ज्याने ती तसबीर रंगवली त्याला कोणी पुसले नाही, आणि ज्याच्या संगीतासाठी ती वापरली त्यालाही कोणी पुसले नाही. मुखपृष्ठाचा कारभार कलावंतांच्या हातून सुटून व्यापारी मुखत्यारांच्या हाती गेला म्हणजे देव, चित्रकार आणि गायक या तिघांचीही गत एकच होते, असे जे मी म्हणतो ते या दाखल्यावरून.

एरोस्मिथच्या बाबतीत बचाव असा केला जातो की, चित्राचे मूळ बँडला ठाऊकच नव्हते. मी हा बचाव मानत नाही. माझ्या दृष्टीने मुख्य आरोपच तो आहे. ज्या अल्बमवर हे मुखपृष्ठ होते त्याच अल्बममध्ये ‘टेस्ट ऑफ इंडिया’ नावाचे गाणे आहे, आणि त्यात सारंगी वाजते. ती सारंगी बनारस घराण्याच्या रमेश मिश्र यांनी वाजवली आणि त्यांचे नाव श्रेयनामावलीत आले. सारंगीचा सूर हवा होता तेव्हा सारंगियाला शोधून काढले, त्याला स्टुडिओत बोलावले, त्याच्याशी करारमदार केले, त्याचे नाव छापले. चित्र हवे होते तेव्हा मात्र पुस्तक उघडले आणि पान घेतले. दुसऱ्याच्या गाण्यातील चार सुरावटी परवानगीवाचून उचलल्या तर न्यायालयात किती दंड भरावा लागतो, हे ध्वनिमुद्रणाच्या धंद्यातील प्रत्येक वकिलाला त्या वेळी ठाऊक होते, आणि त्यासाठी कंपन्यांत स्वतंत्र खाती होती. त्याच खात्याला एका चित्राविषयी चौकशीचे एक पत्र धाडता आले नाही, ही अजाणता नव्हे, ही हयगय आहे. डोळ्यांची कला कानांच्या कलेहून हीन, आणि पूजेच्या चित्राची कला सर्वांत हीन, अशी एक उतरंड या हयगयीमागे उभी आहे.

परंतु याच उतरंडीला आक्षेप घेणाऱ्यांनीही हात लावला नाही, म्हणून मी त्यांचा विजय अपुरा समजतो. मुखपृष्ठ बदलले गेले. पण यापुढे चित्रकाराला विचारल्यावाचून चित्र घेणार नाही, असे कोणाकडून वदवून घेतले गेले नाही. धर्मभावना दुखावल्याची तक्रार ही आपल्याकडेही सर्वांत आधी हाती येणारी तक्रार आहे; १९२७ साली तेव्हाच्या दंडसंहितेत २९५ अ हे कलम घातले गेले तेव्हापासून चित्रावरचा, पुस्तकावरचा, नाटकावरचा प्रत्येक वाद त्या दिशेने धावतो, आणि तेथे पोहोचला की प्रश्न एवढाच उरतो की जमाव किती मोठा आहे. याउलट १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५७ वे कलम फारसे कोणी उघडून पाहत नाही. कर्त्याने आपल्या कृतीचे हक्क विकले असले तरीही ती माझी आहे असे सांगण्याचा, आणि तिची मोडतोड किंवा विद्रूपीकरण होऊन आपल्या लौकिकाला बाध येत असेल तर दाद मागण्याचा अधिकार ते कलम त्याच्यापाशी राखून ठेवते. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सहगल यांचे धातूचे भित्तिशिल्प १९७९ साली सरकारने उखडून टाकले, तेव्हा त्या शिल्पकाराने याच कलमाच्या आधारे सरकारशी झगडा मांडला, आणि २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्प परत करण्याचा व पाच लाख रुपये भरपाईचा हुकूम दिला. एकटा माणूस, त्याच्या पाठीशी जमाव नाही, आणि समोर हिंदुस्थानचे सरकार. तरी त्याचे म्हणणे ऐकले गेले, कारण त्याने विचारलेला प्रश्न नेमका होता. अमेरिकेचा १९९०चा दृश्य कलावंतांच्या हक्कांचा कायदा पुस्तकात छापलेल्या चित्राला असे संरक्षण देत नाही, हे मी जाणतो. न्यायालयात टिकली नसती म्हणून ती मागणी जाहीरपणेही करू नये, असे मात्र कोणी सांगितले नव्हते.

आता कोणी असे म्हणेल की, तबकडी गेली, सीडीही गेली, मुखपृष्ठ टेलिफोनच्या पडद्यावर नखाएवढे उरले, तेव्हा हा वाद आता शिळा झाला. माझा अनुभव उलट आहे. पुठ्ठ्याच्या जॅकेटला पाठ होती आणि त्या पाठीवर नावे छापलेली असत. पडद्यावर चित्र राहिले आणि पाठ गेली. चित्रकाराचे नाव ठेवावयास जागाच उरली नाही, आणि चित्र मात्र पूर्वीच्या कित्येक पट लोकांच्या डोळ्यांपुढून जाऊ लागले. त्यातच यंत्राकडून क्षणार्धात चित्र काढून घेण्याची सोय झाल्यामुळे, ज्यांच्या चित्रांवरून यंत्र शिकले त्या शेकडो चित्रकारांना पुसण्याचा प्रश्नच कोणाच्या मनात येईनासा झाला आहे.

नाशिकमध्ये आज कितीतरी तरुण मुले-मुली गिटार आणि ड्रम घेऊन बसतात, स्वतःची गाणी रचतात आणि ती ध्वनिमुद्रित करून जगापुढे ठेवतात. त्यांपैकी पुष्कळांना आपल्या गाण्यांवर काळाराम, गोदावरी, देवीची मूर्ती किंवा आजोबांच्या देवघरातली तसबीर असावी असे वाटते, आणि तसे वाटणे योग्यच आहे. त्यांना माझी विनंती आहे की, ती तसबीर घेण्यापूर्वी तिच्या कोपऱ्यातली सही वाचावी, तो चित्रकार वा त्याचे वारस यांचा पत्ता काढावा, त्यांना विचारावे आणि त्यांचे मोल चुकते करावे. आणि गाण्याच्या माहितीत जेथे गीतकाराचे व संगीतकाराचे नाव देता त्याच ओळीत, तेवढ्याच टाइपात, त्याचेही नाव द्यावे.